रेव्हिट: फाइलची नवी प्रत की डिझाइन ऑप्शन्स?

रेव्हिट या इमारतींची मॉडेल्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जिन्याची जागा बदलून पाहायची असेल, तर बहुतेक जण 'सेव्ह अ‍ॅज' करून दुसरी फाइल बनवतात. सोपं आहे, पण त्या दिवसापासून दोन मॉडेल्स सांभाळावी लागतात. खिडकीचं माप बदललं की ते दोन्हीकडे बदलायचं, आणि एकीकडे राहिलं की ते थेट साइटवरच कळतं. मला याची खरंच भीती वाटते.

डिझाइन ऑप्शन्स म्हणजे एकाच फाइलमध्ये वेगवेगळे पर्याय ठेवायची रेव्हिटमधली सोय. त्यात इमारत एकच राहते, फक्त जिन्याचे पर्याय वेगळे. प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र व्ह्यू देता येतो, त्यामुळे क्लायंटसमोर तुलना सहज होते. मात्र लेव्हल्स (मजल्यांच्या पातळ्या) पर्यायात घालता येत नाहीत. म्हणून मजल्यांची उंचीच बदलत असेल तर वेगळी फाइल बरी. आणि 'ॲक्सेप्ट प्रायमरी' केलं, म्हणजे मुख्य पर्याय कायम केला, की त्या पर्यायांच्या संचातले बाकीचे पर्याय पुसले जातात, तेव्हा त्याआधी तारखेसह एक प्रत जरूर ठेवा.

रेव्हिटच्या आपोआप बनणाऱ्या बॅकअपवर विसंबू नका. साध्या (वर्कशेअरिंग, म्हणजे अनेकांनी एकत्र काम करायची सोय, नसलेल्या) प्रोजेक्टमध्ये मूळ सेटिंगला फक्त ३ बॅकअप राहतात.

मी तरी खोली-जिन्यासाठी ऑप्शन्सच वापरते. प्रत काढते ती ड्रॉइंग्ज बाहेर पाठवताना.