छोट्या पायथन पॅकेजसाठी फ्लिट, पोएट्री की यूव्ही?

शंभरेक ओळींची एखादी उपयुक्त फाइल तीन वेगवेगळ्या प्रकल्पांत चिकटवून झाली, की तिचे पॅकेज करून पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजच्या सार्वजनिक भांडारात, टाकावे असे वाटू लागते. त्यासाठी कोणते कमांड-लाइन साधन घ्यावे, हे पुष्कळजण किती कमांड द्याव्या लागतात यावरून ठरवतात. हा निकष मला पटत नाही, कारण फ्लिट, पोएट्री आणि यूव्ही या तिन्हींत हे काम मोजक्या कमांडमध्ये आटोपते. खरा फरक आहे तो आवृत्ती क्रमांक कोठे राहतो, डिपेंडन्सीच्या, म्हणजे आपल्या पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजच्या, आवृत्त्यांच्या मर्यादा कोण लिहिते आणि अपलोडच्या वेळी नेमक्या कोणत्या फाइली बाहेर जातात, यात. पायपीआयवर एकदा चढलेल्या फाइलचे नाव, ती काढून टाकली तरी, पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे चुकीची आवृत्ती गेली तर ती यँक करून, म्हणजे वापरू नये अशी खूण करून, पुढचा क्रमांक घेणे एवढेच हाती राहते.

एका फाइलच्या पॅकेजसाठी फ्लिटइतके सुटसुटीत साधन मला दुसरे दिसत नाही. ‘फ्लिट इनिट’ म्हटले की ते मॉड्यूलचे नाव, लेखकाचे नाव, ईमेल, मुख्य पानाचा पत्ता आणि लायसन्स एवढेच विचारते आणि पायप्रोजेक्ट-टॉमल ही पॅकेजची माहिती ठेवणारी फाइल लिहून देते. पॅकेजचे वर्णन ते मॉड्यूलच्या डॉकस्ट्रिंगमधून, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या वर्णनातून, उचलते आणि आवृत्ती त्याच फाइलमधल्या ‘व्हर्जन’ व्हेरिएबलमधून, त्यामुळे क्रमांक दोन ठिकाणी लिहून एका ठिकाणी बदलायचा राहून गेला, असे होत नाही. ‘फ्लिट पब्लिश’ पॅकेज बांधते आणि लगेच चढवते. मात्र डिपेंडन्सी हाताने लिहाव्या लागतात आणि सी भाषेतील एक्स्टेन्शन असेल तर फ्लिटचा उपयोग नाही.

पोएट्री हे मोठ्या आवाक्याचे साधन आहे. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पाची वेगळी पायथन जागा), लॉक फाइल (डिपेंडन्सीच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद), बांधणी आणि प्रकाशन हे सगळे ते सांभाळते, आणि जिथे अनेकजण एकाच कोडवर काम करतात तिथे ही शिस्त मोलाची ठरते. परंतु ‘पोएट्री ॲड’ दिल्यावर ते सहसा डिपेंडन्सीला वरची मर्यादाही घालते, म्हणजे दोनची मालिका चालेल पण तीन चालणार नाही. ॲप्लिकेशनमध्ये ही सावधगिरी ठीक आहे. प्रकाशित लायब्ररीत मात्र तीच मर्यादा वापरणाऱ्याच्या प्रकल्पातील दुसऱ्या पॅकेजशी भांडू शकते, आणि ते सोडवणे त्याच्या हातात नसते. लॉक फाइल वापरणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, तेव्हा छोट्या लायब्ररीला तिचा फायदा फक्त लेखकाच्या संगणकापुरता असतो.

२०२४ मध्ये आलेले, रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले यूव्ही वेगासाठी ओळखले जाते, आणि तो वेग रोजच्या कामात खरोखर जाणवतो. ‘यूव्ही ॲड’ एरवी फक्त खालची मर्यादा लिहिते, जी लायब्ररीसाठी मला अधिक योग्य वाटते. जपायचे ते प्रकाशन करताना. ‘यूव्ही पब्लिश’ला वेगळे काही सांगितले नाही, तर बांधलेल्या फाइली ठेवणाऱ्या डिस्ट फोल्डरमधल्या पॅकेजच्या सगळ्या फाइली चढवल्या जातात, तिथे जुनी अर्धवट बांधणी पडून असेल तर तीही जाते. म्हणून आधी ते फोल्डर रिकामे करावे, नव्याने बांधावे आणि पहिल्या खेपेला टेस्टपायपीआय या पायपीआयच्या चाचणी भांडारावर टाकून, कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये इन्स्टॉल करून पाहावे.

एक फाइल आणि शून्य किंवा एखादी डिपेंडन्सी असेल, तर मी निःशंकपणे फ्लिट सुचवेन. चाचण्या, अनेक डिपेंडन्सी आणि पायथनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या सांभाळायच्या असतील, तर यूव्ही. पोएट्री आधीच वापरात असलेल्या गटाने केवळ वेगासाठी घाईने बदल करण्याचे कारण नाही. आणि निवड अगदीच होत नसेल, तर बिल्ड बॅकएंड, म्हणजे पॅकेज प्रत्यक्ष बांधणारा भाग, म्हणून फ्लिटचे फ्लिट-कोअर ठेवून बाकीच्या कमांड यूव्हीच्या वापरता येतात. आवृत्ती मॉड्यूलमध्येच ठेवली असेल तर ती वाढवण्यासाठी ‘यूव्ही व्हर्जन’ चालणार नाही, क्रमांक हाताने बदलावा लागेल.