तरंगणं-बुडणं प्रयोगसंच : दोन ठोकळ्यांसाठी घ्या, पुस्तिका बाजूला ठेवा

नातवासाठी मागवला, पण पहिली दोन संध्याकाळ मीच बसलो होतो त्याच्याशी. आत तोटीचं भांडं (काठोकाठ भरून वस्तू बुडवली की सारलेलं पाणी तोटीतून मोजपात्रात पडतं), मोजपात्र, तानकाटा (स्प्रिंगचा, वस्तू टांगून वजन दाखवणारा), मॉडेलिंग क्लेचा गोळा आणि तीन दंडगोल ठोकळे : लोखंडाचा, ॲल्युमिनियमचा आणि लाकडाचा. तिन्ही एकाच मापाचे, २० घनसेंटिमीटरचे. संचाची सगळी अक्कल या एका गोष्टीत आहे.

लोखंडी ठोकळा हवेत १५७ ग्रॅमच्या आसपास, ॲल्युमिनियमचा ५४. दोन्ही पाळीपाळीने तानकाट्याला टांगून पाण्यात पूर्ण बुडवले. वजन घटलं ते दोघांचंही २०च. नातू म्हणाला, "आजोबा, लोखंड तर तिप्पट जड, मग पाण्याने त्याला जास्त जोर लावायला नको?" मी शाळेत आर्किमिडीजचं तत्त्व घोकून मार्क मिळवले, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पाण्याला ठोकळा कशाचा आहे याच्याशी देणंघेणं नाही. त्याने किती जागा अडवली, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकंच प्लावक बल, म्हणजे पाण्याचा वर ढकलणारा जोर. आणखी खोल सोडला तर घट वाढेल अशी त्याची पैज होती. हरला. वरचा दाब वाढतो तसा खालचाही तेवढाच वाढतो, फरक तोच राहतो. (ठोकळा तळाला टेकू देऊ नका, काटा खोटं बोलायला लागतो.)

लाकडी ठोकळा १२ ग्रॅमचा. तो १२ मिलिलिटर पाणी सारतो आणि तरंगतो. मात्र त्याला पॉलिश नाही, चार दिवसांत पाणी पिऊन जड झाला. क्लेच्या गोळ्याची होडी करायचा प्रयोग छान, पण त्याला संच कशाला हवा?

आता रडगाणं. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर 'जड वस्तू बुडतात, हलक्या तरंगतात' असं छापलंय! ओंडका तरंगतो आणि टाचणी बुडते, त्याचं काय? घनता, म्हणजे ठरावीक जागेत किती वजन मावतं, हा शब्द थेट अकराव्या पानावर. तोटीतून शेवटचे थेंब पडतच नाहीत, पृष्ठताणामुळे अडकतात. मोजपात्रात २० ऐवजी १७ मिळाले. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला तेव्हा आकडा जवळपास जुळला. तानकाट्यावर ५-५ ग्रॅमच्या रेघा. मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलेल्या पाण्याची घनता सुमारे १.२ (साध्या पाण्याची १), म्हणजे घट २४ ग्रॅम यायला हवी. या काट्यावर २० आणि २४ मधला फरक ओळखायला गरुडाची नजर लागेल.

पाचपैकी साडेतीन. अर्धा कापला तो लाकडासाठी, बाकीचा एक पुस्तिका लिहिणाऱ्याच्या नावाने.

घरात डिजिटल काटा असेल तर तानकाटा सोडाच. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि ठोकळा दोऱ्याने पाण्यात लोंबकळत धरा. पाणी ठोकळ्याला वर ढकलतं, तेवढंच ठोकळा पाण्याला खाली दाबतो, म्हणून काटा सरळ २० दाखवतो. लोखंड असो की ॲल्युमिनियम. खारट पाण्यात २४. हे पुस्तिकेत कुठेच नाही. नातवाने मग ठोकळा बाजूला ठेवून स्वतःचं बोट बुडवलं, तळाला न टेकवता. ५ ग्रॅम. आता घरातल्या प्रत्येकाचं बोट मोजून होईपर्यंत काटा मला परत मिळणार नाही.