रिमार्केबली ब्राइट क्रीचर्स: खडूस ऑक्टोपस आणि फरशी पुसणारी टोव्हाबाई

आधीच सांगून टाकते, मागच्या कव्हरवर "माणूस आणि प्राण्याची हृदयस्पर्शी मैत्री" असलं काही दिसलं की मी ते पुस्तक गुपचूप परत रॅकवर ठेवते. कारण पुढचं सगळं ठरलेलं असतं ना, एक एकटा माणूस, एक गोंडस कुत्रा, दोनेकशे पानं प्रेम आणि मग कुत्रा जाणार आणि आपण नाक पुसत बसणार. शेल्बी व्हॅन पेल्ट यांची ही पहिलीच कादंबरी, २०२२ मध्ये आली, अमेरिकेत टीव्हीवरच्या बुक क्लबने उचलली आणि मग जो तो तिच्याबद्दल बोलायला लागला, त्यामुळे तर माझा अजूनच मूड गेला होता. मैत्रिणीने अक्षरशः हातात कोंबली म्हणून वाचली. आणि पहिल्याच पानावर एक ऑक्टोपस आपल्या कैदेचा १,२९९ वा दिवस असल्याचं सांगतो, काचेवरच्या पाटीवर आपल्याबद्दल काय काय लिहिलंय ते वाचून दाखवतो, आणि त्याच पाटीवर त्याच्या जातीचं आयुष्य चार वर्षं लिहिलेलं असल्यामुळे आपले जास्तीत जास्त १६० दिवस उरलेत असा हिशोब मांडतो. कोरडा, जरा तुसडा आवाज. स्वतःची कीव अजिबात नाही. मग काय, ठेवताच येईना खाली.

याचं नाव मार्सेलस. जायंट पॅसिफिक ऑक्टोपस. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, प्युजेट साउंड नावाच्या खाडीकिनारी सोवेल बे हे गाव (गाव काल्पनिक आहे, खाडी खरी) आणि तिथलं एक जरा उतरती कळा लागलेलं मत्स्यालय. तिथे रात्री साफसफाई करायला येते टोव्हा सलिव्हन, वय सत्तर. पैशाची गरज म्हणून नाही, हात रिकामे राहिले तर डोकं चालायला लागतं म्हणून. नवरा कॅन्सरने गेलाय. आणि एकुलता एक मुलगा एरिक, अठरा वर्षांचा, १९८९ मध्ये एका रात्री फेरीबोटीच्या धक्क्यावरच्या तिकीटखिडकीतून ड्युटी सोडून गेला तो परत आलाच नाही. एक होडी सापडली, तिच्या नांगराचा दोर कापलेला. पोलीस म्हणाले आत्महत्या. टोव्हाबाई तीस वर्षं म्हणतायत की नाही, माझा मुलगा असं करणार नाही, आणि म्हणतायत म्हणजे मनातल्या मनात, कारण ही बाई बोलत नाही. फरशी पुसते.

मला वाटतं पुस्तकाची खरी ताकद इथेच आहे. मरण वेगळं आणि काय झालं तेच न कळणं वेगळं. आपल्याकडे देह सापडला नाही तर पालाशविधी करतात, पळसाची पानं, दर्भ यांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, म्हणजे निदान घरच्यांना कुठेतरी थांबता तरी येतं. टोव्हाकडे असलं काहीच नाही. स्वीडनहून लहानपणी आलेलं घराणं, वडिलांनी बांधलेलं घर, माळ्यावर जपून ठेवलेले लाकडी स्वीडिश घोडे, आणि एक प्रश्न. लोक तिला धीराची म्हणतात. मैत्रिणींचा विणकामाचा ग्रुप आहे, वयामुळे एकेक जण कमी होत चाललेली, त्या बाकीच्या आपली मुलं-नातवंडं यांच्या गप्पा मारतात आणि ही ऐकून घेते. त्या वाईट नाहीयेत हं, लेखिकेने त्यांना वाईट केलं नाही हे मला फार आवडलं, फक्त समोर बसलेल्या बाईला काय लागतंय हे त्यांच्या लक्षात येत नाही, आणि आलं तर मग त्या एकदम जास्तच गोड बोलायला लागतात, जे त्याहून वाईट.

आता मार्सेलस. हा पठ्ठ्या रात्री टाकीतून बाहेर पडतो, शेजारच्या टाकीतल्या सी ककंबर (काकडीच्या आकाराचे मऊ समुद्री प्राणी) खातो आणि सकाळी आपल्या जागी शहाण्यासारखा बसलेला असतो, आणि मत्स्यालयाचा मॅनेजर टेरी बिचारा डोकं खाजवतोय की आकडा कमी कसा होतोय. पाण्याबाहेर त्याला अठरा मिनिटं मिळतात, त्यानंतर परिणाम भोगावे लागतात. एका रात्री स्टाफरूममध्ये वायरींच्या गुंत्यात अडकून तो मरायला टेकलेला असतो आणि टोव्हा त्याला सोडवते. तेवढंच. त्यानंतर जी मैत्री होते ती मिठ्या मारणारी वगैरे नाही. ती पाण्यात हात घालते, तो तिच्या मनगटाला विळखा घालतो, सोडल्यावर हातावर गोल गोल व्रण राहतात आणि ती ते बाहीखाली झाकते. ती त्याच्याशी गप्पा मारते, चोरीबद्दल रागावते, पण चुगली करत नाही.

ऑक्टोपस म्हटल्यावर हे सगळं फेकाफेकी वाटेल म्हणून सांगते, यातलं बरंचसं खरं आहे. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या नेपियर शहरातल्या मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस टाकीच्या वरच्या फटीतून निघाला, फरशी ओलांडली आणि ड्रेनेजच्या पाइपातून थेट समुद्रात गेला, त्याची बातमी जगभर झाली होती. आणि सिएटलच्या मत्स्यालयात, म्हणजे याच प्युजेट साउंडच्या काठावर, याच जातीच्या ऑक्टोपसांवर प्रयोग झालाय. एकसारखा युनिफॉर्म घातलेली दोन माणसं, एक रोज खाऊ देणार, दुसरा काठीने टोचणार, आणि काही दिवसांनी ऑक्टोपस दोघांना बरोब्बर वेगळं ओळखायला लागले. तीन हृदयं, निळं रक्त, मेंदूपेक्षा जास्त न्यूरॉन (मज्जापेशी) हातांमध्ये. त्यामुळे मार्सेलस माणसांची चाल, खळी, चेहऱ्याची ठेवण पाहून कोण कुणाचं रक्त हे ओळखतो यावर मी फार कुरकुर न करता विश्वास ठेवला. इंग्रजी वाचतो यावर मात्र नाही, पण तेवढं चालतंय.

आणि अजून एक गोष्ट, ती पुस्तकात कुणी ओरडून सांगत नाही पण मला वाचताना सारखी आठवत होती. या जातीची आई महिनोन्‌महिने अंड्यांपाशी बसून राहते, काही खात नाही, त्यांच्यावर सतत पाणी खेळवत राहते आणि पिल्लं बाहेर पडण्याच्या सुमाराला मरून जाते. म्हणजे कुठल्याच ऑक्टोपसाने आपली आई पाहिलेली नसते. आणि इथे याच प्राण्याला लेखिकेने दुसऱ्यांची नाती ओळखणारा बनवलंय.

बोटांच्या ठशांचं तर मला भारीच आवडलं. मार्सेलसला टाकीच्या काचेवर उमटलेले ठसे पाहायला आवडतात, त्याला ते लक्षात राहतात. आणि टोव्हाचं काम काय, तर रोज रात्री तेच ठसे पुसणं. तो साठवतो, ती पुसते. त्याच्या टाकीत एका कोपऱ्यात त्याने चोरून आणलेल्या, सापडलेल्या वस्तूंचा खजिना आहे, लोकांनी हरवलेलं काय काय, आणि टोव्हाची किल्लीसुद्धा. ती तो तिला परत देतो तिथे मला पहिल्यांदा गलबलून आलं. नुसती किल्ली हो. पण तोपर्यंत आपल्याला कळलेलं असतं की या प्राण्याला टोव्हाच्या तीस वर्षांच्या प्रश्नाबद्दल काहीतरी माहितीये, आणि त्याला बोलता येत नाही. जिला विचारायचंय ती विचारत नाही आणि ज्याला सांगायचंय त्याला तोंड नाही (म्हणजे चोच आहे, पण कळलं ना), आणि त्याचे दिवस भराभर संपतायत, त्याच्या प्रत्येक प्रकरणाच्या वर कैदेच्या दिवसांचा आकडा वाढत चाललाय. म्हणजे बघा, हळवी गोष्ट असूनही आतलं यंत्र रहस्यकथेचं आहे, आणि म्हणूनच ती पाघळत नाही.

आता तक्रारी. पहिली म्हणजे कॅमेरॉन. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावचा तीस वर्षांचा पोरगा, नऊ वर्षांचा असताना आई सोडून गेली, मावशीने वाढवला, नोकऱ्या टिकत नाहीत, गर्लफ्रेंडने घराबाहेर काढलंय. आईच्या जुन्या सामानात सोवेल बेच्या शाळेची एक अंगठी आणि फोटो सापडतो आणि आपला बाप तिथला एक बडा बिल्डर असणार असं गृहीत धरून हा तिकडे निघतो. निम्मं पुस्तक याचं आहे आणि सुरुवातीला हा माणूस असह्य आहे. सगळं जगाच्या चुकीमुळे, याची चूक काहीच नाही, एअरलाइनने बॅग हरवली की तेही जगाने याच्यावर उगवलेला सूड. मला कळतंय की तो मुद्दाम तसा रंगवलाय आणि पुढे जाऊन सुधारणार आहे, पण टोव्हा आणि मार्सेलसला सोडून याच्या रडगाण्याकडे यायचं म्हणजे मी दोनदा पुस्तक बाजूला ठेवून चहा करायला उठले. टोव्हाचा पाय मुरगळतो आणि तिच्या जागी हा बदली म्हणून मत्स्यालयात लागतो तिथून मात्र तो जरा सुसह्य होतो. टोव्हा त्याला काच कशी पुसायची हे शिकवते ते प्रसंग फार मस्त जमलेत, तिची काटेकोर पद्धत आणि याचा आळस, आणि हळूहळू दोघंही एकमेकांना सवयीचे होतात.

दुसरी तक्रार योगायोगांची. फारच योगायोग आहेत राव. साधारण निम्म्या पुस्तकापर्यंत तुम्हाला कळतं की कोण कुणाचं कोण आहे, आणि मग पुढची दीडदोनशे पानं पात्रं सोडून सगळ्यांना माहीत असतं. काही वाचकांना याचा राग येईल. मला स्वतःला नाही आला कारण मी मार्सेलसच्या बाजूला बसले होते, त्यालाही कळलेलं असतं आणि तोही माणसांच्या मठ्ठपणावर चरफडत असतो, म्हणजे लेखिकेने आपली चिडचिड पुस्तकातच एका पात्राला देऊन टाकलीये, हुशारी आहे ती. पण शेवटाकडे सगळ्या गाठी ज्या सुबकपणे बसतात ते जरा जास्तच नीटनेटकं झालंय, एखादी गाठ सुटी ठेवली असती तरी चाललं असतं.

इथन नावाचा एक स्कॉटिश दुकानदार आहे, किराणा दुकान चालवतो, गावभरच्या खबरी पुरवतो आणि टोव्हावर त्याचा जीव आहे. त्याला वाव थोडा कमी मिळाला असं वाटलं. सत्तरीतल्या बाईच्या आयुष्यात कुणीतरी असं लाजत-बुजत येतंय हे इतकं साधेपणाने लिहिलंय की अजून हवं होतं. आणि एक मांजर आहे, कुठूनतरी टोव्हाच्या घरी येऊन राहिलेलं, टोव्हाने त्याचं नाव मांजर एवढंच ठेवलंय. या बाईचा स्वभाव यातच आला.

वृद्धाश्रमाचा भाग मला अनपेक्षितपणे लागला. टोव्हाचा भाऊ जातो, त्याचं सामान आणायला ती तिथे जाते आणि मग स्वतःच तिथे जायचं ठरवते, फॉर्म भरते, घर विकायला काढते. कुणाला त्रास नको म्हणून. आपण मेल्यावर आपलं आवरायला कोण येणार, याचा तिचा हिशोब मार्सेलसच्या हिशोबाइतकाच कोरडा आहे. माझ्या ओळखीत अशा दोनतीन मावश्या आहेत, मुलं बाहेर किंवा नाहीतच, आणि त्यांचं बोलणं अगदी हेच, "आमचं काय, आम्ही सगळं लिहून ठेवलंय." हे अमेरिकन पुस्तक वाचताना मला सगळ्यात जवळचं वाटलेलं माणूस हीच का, तर त्यामुळे.

शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की सिएटलच्या त्या मत्स्यालयात ऑक्टोपस म्हातारे व्हायच्या आधी त्यांना परत खाडीत सोडायची पद्धत आहे, हे मला नंतर वाचताना कळलं आणि मग शेवटचा भाग परत वाचला. रडले का? हो. पण मला रडवलं असं नाही वाटलं, हा फरक ज्यांना माहितीये त्यांना कळेल.

इंग्रजी सोपं आहे, प्रकरणं छोटी, लोकलमध्ये वाचण्यासारखं. ऑडिओबुकमध्ये मार्सेलसचा आवाज मायकेल युरी यांनी दिलाय आणि तो इतका फिट्ट बसलाय की ऐकायची सवय असेल तर सरळ तेच घ्या. नेटफ्लिक्सने सिनेमासुद्धा करायला घेतला, टोव्हाच्या कामासाठी सॅली फील्ड, पण आधी पुस्तक वाचा, कारण मार्सेलसच्या डोक्यात बसून माणसांकडे बघण्याची जी गंमत आहे ती पडद्यावर कितपत येणार मला शंका आहे. नुकतंच घरात कुणी गेलं असेल तर मात्र थोडं थांबा, विशेषतः टोव्हा भावाच्या सामानाचा तो बॉक्स उघडते ती पानं अवघड जातील. बाकी पाचपैकी चार. एक मार्क कॅमेरॉनमुळे कापला, आणि सी ककंबर खातानाच्या वर्णनांसाठी अर्धा कापणार होते, कारण मी नेमकी जेवताना वाचत होते.