“महिनाभर थांबा, नवी पानं येतील”: फिशटँकच्या लाइव्ह प्लांटमध्ये होणारी फसवणूक

पुण्यात कर्वेनगरमधल्या एका ओळखीच्या घरी दोन फुटी टाकीसाठी ‘लाइव्ह प्लांट पॅकेज’ घेतलं गेलं. सात झाडं, एक ‘प्लांट ग्रोथ’ लाइट, हिरवळ उगवणाऱ्या बियांची पुडी आणि खताची एक छोटी बाटली. पैसे यूपीआयने दिले, बिल मिळालं नाही. थोड्याच दिवसांत खालची पानं मऊ पडून काचेसारखी पारदर्शक व्हायला लागली. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, “मेल्ट होतंय, नॉर्मल आहे. महिनाभर थांबा, नवी पानं येतील.” महिना उलटला तोवर पाच झाडं देठापासून सडली होती, पाणी पिवळट झालं होतं आणि काही गप्पी मेले होते. मग दुकानदाराचं उत्तर बदललं: “तुमच्या पाण्यात काहीतरी गडबड आहे.”

हा प्रकार एवढा सहज खपतो, कारण “मेल्ट नॉर्मल आहे” हे वाक्य खरं आहे. फक्त ते चुकीच्या झाडाला चिकटवलेलं असतं.

क्रिप्टोकोरीन (थोडक्यात क्रिप्ट), अनुबियास, हायग्रोफिला ही पाणवनस्पतींची झाडं नर्सरीत बहुतेक वेळा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. तिथे त्यांची पानं हवेसाठी घडलेली असतात. टाकीत बुडवली की जुनी पानं बऱ्याचदा विरघळतात (अनुबियासची सहसा टिकतात) आणि दोन ते चार आठवड्यांत पाण्यासाठीची नवी, पातळ पानं फुटतात. क्रिप्ट तर कधीकधी एका आठवड्यात पार टक्कल होतं, आणि तरीही मुळं शाबूत असली तर परत येतं. अशा झाडासाठी थांबणंच योग्य. ते उपटलं तर मात्र मेलंच.

त्या पॅकेजमधली पाच झाडं होती पांढऱ्या पट्ट्यांचा ड्रॅसिना, लकी बांबू, सिंगोनियम, पानांची पाठ जांभळी असलेलं हेमिग्राफिस आणि मोंडो ग्रास. सोलापूर रोडच्या कुठल्याही नर्सरीत ही मातीच्या पिशवीत मिळतात. ही जमिनीवरची झाडं आहेत. त्यांच्या पानावर मेणाचा थर असतो आणि हवा आत घ्यायला छिद्रं असतात. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, त्यामुळे बुडालेल्या पानाला तो पुरेसा मिळत नाही आणि झाड साठवलेल्या अन्नावर दिवस काढतं. म्हणूनच ते दोन दिवसांत मरत नाही. काही आठवडे, लकी बांबू तर कधीकधी त्याहूनही जास्त, वरून हिरवंगार दिसतं. नंतर देठ सडतं, त्यातून अमोनिया सुटतो आणि लहान टाकीत त्याचा फटका थेट माशांना बसतो. लकी बांबूची मुळं पाण्यात आणि पानं बाहेर ठेवली तर तो मजेत जगतो. पूर्ण बुडवला की नाही.

फरक ओळखायला पान बघू नका, खोड आणि शेंडा बघा. देठाचा जमिनीलगतचा भाग दोन बोटांत हलकेच दाबा. क्रिप्टचा गड्डा आणि अनुबियासचं आडवं खोड पानं गेल्यावरही कच्च्या बटाट्याइतकं टणक लागतं. बोटाखाली पिचलं, घाण वास आला, सालीसारखा थर सुटून आतली दोरी उरली, तर ते सडलेलं आहे. ते त्याच दिवशी काढा आणि निम्मं पाणी बदला. चौथ्या आठवड्याअखेर शेंड्याला एकही नवं पान नसेल तर पुढे थांबण्यात अर्थ नाही. पाण्याचे थेंब पानावरून ओघळले म्हणजे जमिनीचं झाड, अशी खूण काही जण सांगतात. ती अनुबियासला लागू पडत नाही, त्याचं पान पाण्याखाली जगणारं असूनही जाड आणि मेणचट असतं. त्यापेक्षा दुकानातच झाडाचं शास्त्रीय नाव विचारा, फोनवर शोधून फोटो ताडून बघा आणि तेच नाव बिलावर लिहून घ्या. “रेड प्लांट”, “चायना प्लांट” अशी नावं ऐकली की हात मागे घ्या.

बियांची पुडी हा त्याहून वाईट प्रकार आहे. पाकिटावर मॉंटे कार्लो किंवा ड्वार्फ हेअरग्रासच्या दाट गालिच्याचा फोटो असतो. ही झाडं दुकानात बियांनी विकलीच जात नाहीत. ती रोपाचे तुकडे म्हणून किंवा टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या) कपात मिळतात. पुडीतल्या बिया ओल्या केल्यावर सब्जासारख्या चिकट होतात, आठवड्याभरात ओल्या मातीवर हिरवा थर येतो आणि घरातले सगळे खूश होतात. टाकी भरली की काही आठवड्यांत तोच थर पिवळा पडून चिखलासारखा सुटतो. मुळं रेतीत गुंतलेली असल्याने तो साफ करायला टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. बियांनी गालिचा करून देतो असं कोणी म्हणालं, तर त्याच्याकडून बाकीची झाडंही घेऊ नका.

आता लाइट. खोक्यावर ठळक छापलं होतं “२४ वॅट”. अॅडॉप्टरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं: आउटपुट १२ व्होल्ट, ०.५ अँपिअर. गुणाकार करा, जास्तीत जास्त ६ वॅट. त्यातही निम्मे दिवे निळे. निळ्या प्रकाशात माशांचे रंग खुलतात, म्हणून दुकानात टाकी झकास दिसते, पण झाडांना तेवढं पुरत नाही. खरेदीआधी हा गुणाकार दुकानातच करा, खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. आणि प्रकाश कमी आहे म्हणून लाइट बारा-चौदा तास चालू ठेवू नका. मंद प्रकाशाची उणीव जास्त तासांनी भरून निघत नाही, काचेवर शेवाळ तेवढं वाढतं.

६० × ३० × ३६ सेंटिमीटरच्या टाकीत रेती आणि वरची मोकळी जागा सोडून साधारण ५० लिटर पाणी राहतं. सोप्या झाडांना लिटरमागे १५ ते २० ल्युमेन (प्रकाशाचं माप) पुरे. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी साधी दोन फुटी १० वॅटची एलईडी बॅटन, ६५०० केल्विनची म्हणजे पांढऱ्या प्रकाशाची, सुमारे १००० ल्युमेन देते. तेवढ्यात काम होतं. खरेदी करताना खोक्यावर ल्युमेन छापलेले आहेत ना ते बघा. बॅटन पाण्यासाठी बनवलेली नसते, म्हणून खाली काचेचं झाकण हवंच. वायरला सॉकेटच्या पातळीखाली झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलातून खाली गळेल, प्लगमध्ये शिरणार नाही. टायमर लावून पहिले तीन आठवडे रोज ६ तास, नंतर ७ ते ८ तास. संध्याकाळी ४ ते १० ठेवलं तर घरातल्यांनाही टाकी बघायला मिळते. खिडकीचं ऊन टाळा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात त्याने पाणीही तापतं.

सुरुवातीला अनुबियास नाना, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन वेंडटी आणि व्हॅलिस्नेरिया, एवढी चारच घ्या. अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं खोड रेतीत पुरायचं नाही, पुरलं की ते कुजतं. दगडाला किंवा लाकडाला काळ्या दोऱ्याने बांधा, नाहीतर जेलवाल्या सुपरग्लूचा एक थेंब लावा. क्रिप्ट आणि व्हॅलिस्नेरिया कुंडीतून काढून मुळांभोवतीचा कापसासारखा रॉकवूल सोडवा, मुळं ३-४ सेंटिमीटर ठेवून कापा आणि पानं जिथून फुटतात तो भाग रेतीच्या वर राहील असं लावा. रेती २-३ मिलिमीटर दाण्याची, ५-६ सेंटिमीटर जाड. आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यासाठी अँटी-क्लोरीन लेबलवरच्या मापाने घाला.

खताच्या त्या बाटलीवर ना नायट्रोजनचा आकडा होता, ना पोटॅशियमचा, ना लोहाचा. ज्या बाटलीवर घटक आणि टक्केवारी छापलेली नाही, ती रंगीत पाण्याची समजा. मासे असतील तर नायट्रोजन बहुधा त्यांच्या विष्ठेतून मिळतो. जुन्या पानांना बारीक भोकं पडली तर पोटॅशियमकडे बघा, नवी पानं फिकट पिवळी आली तर लोहाकडे. क्रिप्ट मुळांवाटे भरपूर खातं, त्याच्याजवळ रेतीत रूट टॅब (खताची गोळी) खोचा. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून विकतात त्यात बहुतेकदा ग्लुटराल्डिहाइड असतं, म्हणजे दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करायचं रसायन. व्हॅलिस्नेरिया त्याने वितळते. या चार झाडांना त्याची काही गरज नाही.

“महिनाभर थांबा” या सल्ल्यात आणखी एक गोम आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. महिनाभर थांबलात की ते ३० दिवस संपतात. यूपीआयच्या पावतीत पैसे गेल्याचं दिसतं, काय विकलं ते दिसत नाही. म्हणून झाडाच्या नावासकट बिल घ्या, आणलेल्या दिवशी आणि नंतर दर आठवड्याला तारखेसह फोटो काढा, आणि तक्रार दुकानदाराला तोंडी न सांगता व्हॉट्सअॅपवर लेखी करा. तो ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा.

जमिनीची झाडं टाकीत आलीच असतील आणि खोड अजून टणक असेल, तर ती वाचतात. धुऊन कुंडीत लावा, पहिला आठवडा वर प्लॅस्टिकची पिशवी सैल घालून सावलीत ठेवा, रोज थोडा वेळ ती उघडत चला. सडलेलं सगळं ओल्या कचऱ्यात जाऊ द्या. टाकीतून काढलेली जिवंत पाणवनस्पती मात्र आधी कडक उन्हात वाळवा, मग टाका. मुळा-मुठेत किंवा ओढ्यात सोडू नका. पवनेत आणि मुळेत जलपर्णीने काय केलंय, ते दरवर्षी दिसतंच आहे.