हृदयाच्या आजारात साचणाऱ्या पाण्यासाठी पोटाचा डायलिसिस: दिवाळीपासूनचा अनुभव

वडिलांचे हृदय अशक्त होऊन बरीच वर्षे झाली; परंतु अलीकडे लघवीच्या गोळ्यांचा परिणामच ओसरू लागला होता. टॉर्सेमाइडचा डोस वाढवून झाला, मेटोलाझोनची जोड देऊन झाली, तरीही पाय सुजत, पोट फुगे, रात्री आडवे होता येत नसे, आणि शिरेतून औषध देऊन पाणी उतरवण्यासाठी पुन्हा नागपुरात धंतोलीतल्या रुग्णालयात भरती करावे लागे. त्यांची मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेली नव्हती, हे मुद्दाम सांगतो, कारण डायलिसिस म्हटले की नातेवाइकांचा तोच समज होतो. हृदय पुरेसे रक्त पुढे ढकलू शकत नाही, मागे शिरांमध्ये दाब तुंबतो, आणि त्यामुळे बऱ्यापैकी मूत्रपिंडेही मीठ-पाणी बाहेर टाकेनाशी होतात.

रक्ताच्या डायलिसिसमध्ये साधारण चार तासांत पाणी ओढले जाते. बाबांचा रक्तदाब मुळातच कमी असल्यामुळे तो झेपणार नाही, शिवाय त्यासाठी हातावर धमनी व शीर जोडून करतात त्या फिस्टुलाने हृदयावरचा भार वाढू शकतो, असे डॉक्टरांनी सांगितले. पोटाच्या डायलिसिसमध्ये पोटातील नैसर्गिक पडदाच गाळणीचे काम करतो, आणि पाणी तासन् तास, सावकाश निघते. दिवाळीच्या सुमारास पोटात कॅथेटर, म्हणजे मऊ नळी, बसवला आणि जखम भरून आल्यावर वापर सुरू केला.

आमच्याकडे रात्री एकच पिशवी असते: पाणी ओढून घेणारे दोन लिटर आयकोडेक्स्ट्रिनचे द्रावण, नळीतून आत सोडून सकाळपर्यंत पोटात. साध्या ग्लुकोजच्या द्रावणातील साखर शरीरात लवकर शोषली जाते आणि पाणी ओढण्याचा जोर कमी होतो. आयकोडेक्स्ट्रिनचा रेणू मोठा असल्याने तो दीर्घकाळ टिकतो. सकाळी बाहेर आलेली पिशवी स्प्रिंगच्या काट्याला अडकवतो. भरलेल्यापेक्षा पाचशे-सहाशे ग्रॅम जास्त भरले, की त्या दिवशी बाबांचा श्वास मोकळा असतो. नंतर पिशवीखाली वर्तमानपत्र धरून पाहायचे; अक्षरे स्पष्ट वाचता आली तर पाणी स्वच्छ, गढूळ दिसले तर जंतुसंसर्गाची शंका धरून पिशवी घेऊन तत्काळ रुग्णालय गाठायचे. आजवर ती वेळ आलेली नाही, आणि याचे श्रेय मी आईच्या शिस्तीला देतो. साबणाने हात धुऊन, मास्क लावून, दार बंद केल्याशिवाय ती झाकण उघडत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात ही शिस्त खरोखर कसाला लागते. जोडणी करताना हवेबरोबर धूळ येऊ नये म्हणून कूलर आणि पंखा दोन्ही बंद ठेवावे लागतात, आणि नवतपात, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बंद खोलीतली ती काही मिनिटे फार जड जातात. द्रावणाचे खोके गच्चीखालच्या खोलीत न ठेवता तळमजल्यावरील सर्वांत थंड कोपऱ्यात हलवले. हिवाळ्यात पिशवी कोमट करावी लागे, उन्हाळ्यात ती तापू नये हेच पाहावे लागले.

दिवाळीनंतर सूज उतरवण्यासाठी एकदाही भरती करावी लागलेली नाही, आणि माझ्या दृष्टीने हे फार मोठे आहे. पोटातले साचलेले पाणीही याच नळीने निघाल्यामुळे भूक परतली. बाबा आता एका उशीवर झोपतात. मात्र इकोमध्ये हृदयाची ताकद वाढलेली नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून कोणी या उपचाराकडे वळू नये. मिठाचे पथ्यही सुटत नाही. तर्री-पोह्यांतली तर्री बंद ती बंदच. पाण्याबरोबर प्रथिनेही जातात, म्हणून अंडी आणि पनीर आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने वाढवले. बद्धकोष्ठ झाला की कॅथेटरमधून पाणी नीट उतरत नाही, एवढी साधी गोष्टही आम्हाला बरीच उशिरा कळली; ती सुरुवातीलाच सांगितली जायला हवी.

मधुमेहींसाठी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. आयकोडेक्स्ट्रिन वापरताना काही ग्लुकोमीटर रक्तातील साखर खऱ्यापेक्षा बरीच जास्त दाखवतात, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन दिले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. म्हणून आपले यंत्र व त्याच्या पट्ट्या चालतील का, हे आधी विचारून घ्यावे, आणि दुसऱ्या कारणाने कुठेही भरती झाल्यास तिथल्या परिचारिकांनाही हे स्वतःहून सांगावे. आम्ही तशी चिठ्ठी बाबांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर चिकटवली आहे.

पूर्वी पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, हर्निया असेल किंवा घरी रोज हे काम करणारे माणूस नसेल, तर ते कॅथेटर बसवण्यापूर्वीच डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे.