सी भाषेतील ‘#एम्बेड’: तीन यंत्रांवर वापरून पाहिल्यानंतर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरालगत असलेल्या एका मच्छीमार संस्थेसाठी मी भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारा छोटा प्रोग्राम सी भाषेत लिहिला आहे. तो कार्यालयातील विंडोज संगणकावर, बर्फाच्या कारखान्याजवळ लावलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पडद्यावर आणि माझ्या मॅकवर चालतो. पहिल्या आवृत्तीत मराठी फॉन्ट, बंदराचा नकाशा आणि वर्षाचा तक्ता शेजारच्या फोल्डरात ठेवलेले होते. कार्यालयातील मंडळींनी पेनड्राइव्हवर फक्त प्रोग्रामची फाइल उचलून दुसऱ्या संगणकावर नेली, तेव्हा ‘भरती’ या शब्दाच्या जागी चार रिकामे चौकोन उमटले. चूक त्यांची नव्हती. प्रोग्राम म्हणजे एक फाइल, ही त्यांची समजूत रास्तच होती.

म्हणून सगळे एका फाइलीत कोंबायचे ठरवले. ‘#एम्बेड’ हा निर्देश नेमके तेच करतो, पण जुने मार्ग मी आधी वापरून पाहिले. विम या संपादकासोबत येणाऱ्या एक्सएक्सडी या साधनाने नकाशाची सी फाइल, म्हणजे त्याच्या बाइटांची सी भाषेतली यादी, तयार करता येते. पण ती प्रत्येक बाइट सहा अक्षरांत लिहिते, त्यामुळे ४ एमबीच्या प्रतिमेची जवळजवळ २५ एमबीची फाइल झाली आणि ती कंपाइल होईपर्यंत, म्हणजे कंपायलर तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करेपर्यंत, चहा करून पिऊन होई. जीएनयू लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारे साधन) फाइल थेट ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे अशा एका तुकड्यात, रूपांतरित करतो खरा, पण तो चिन्हांची नावे (कोडमधून त्या बाइटांना हाक मारायची नावे) फाइलीच्या मार्गावरून बनवतो आणि सीमधील नावापुढे अधोरेखा जोडायची की नाही याचा नियम प्लॅटफॉर्मगणिक बदलतो. मॅकच्या लिंकरसाठी तर वेगळाच पर्याय लिहावा लागतो.

सी भाषेच्या सी२३ या मानकाने आणलेल्या #एम्बेडने हा गुंता सोडवला. अ‍ॅरेच्या महिरपी कंसांत निर्देश आणि फाइलीचे नाव लिहिले की कंपायलर बाइट स्वतः भरतो, आणि तीच ओळ तिन्ही यंत्रांवर चालते. मात्र कंपायलर नवा हवा: क्लँग १९ किंवा जीसीसी १५. रास्पबेरी पायवरील डेबियन १३ या कार्यप्रणालीत जीसीसी १४ असल्याने तेथे मी क्लँग घेतले, तर विंडोजवर एमएसवायएस२ या साधनसंचातील जीसीसी १५ वापरले. ज्यांचा कंपायलर हा निर्देश ओळखत नाही, त्यांना विंडोजवर अजून रिसोर्स फाइलीचाच (प्रोग्रामला डेटा जोडण्याच्या विंडोजच्या स्वतःच्या पद्धतीचा) आधार आहे. तक्ता स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून वाचायचा असेल तर मजकूर संपल्याची खूण असलेले शेवटचे शून्य आपोआप येत नाही, ते ‘सफिक्स’ लिहून जोडावे लागते. माझे एक संध्याकाळभराचे डोके याच शून्याने खाल्ले.

त्याहून खोल खड्डा मात्र या निर्देशाबाहेर निघाला. दर दिवसाला एक ओळ असा ३६५ ओळींचा तक्ता विंडोजवर बरोबर ३६५ बाइट जास्त भरत होता. गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) फाइल उतरवताना प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न, म्हणजे विंडोजच्या पद्धतीचे एका बाइटचे जादा चिन्ह, घातला होता, आणि #एम्बेड समोर येईल ते जसेच्या तसे उचलते. ओळींची लांबी मुळातच सारखी नसते, कारण भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते आणि एखाद्या दिवशी चारऐवजी तीनच वेळा लिहिल्या जातात. त्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसला नाही, आकार मोजल्यावरच कळला. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स या गिटच्या सेटिंग फाइलीत तक्ता बायनरी (ओळींना हात न लावायची फाइल) म्हणून नोंदवल्यावर तिन्हीकडे आकार जुळला.

फॉन्टसाठी आणि नकाशासाठी मी याला पूर्ण गुण देतो. मुक्ता फॉन्टचा परवाना मुक्त असल्याने तो आत घालताना मनात किंतूही राहिला नाही. तक्त्याबाबत मात्र मी हात आखडता घेतो. तो दरवर्षी बदलतो, त्यामुळे डिसेंबर आला की तिन्ही यंत्रांसाठी नव्याने कंपाइल करून, पेनड्राइव्ह खिशात घालून बंदरावर फेरी मारणे आले.