इंटरनेट गेलं तरी पॅसेजमधला दिवा लागला पाहिजे: होम असिस्टंट आणि झिगबी, दीड वर्ष वापरल्यावर

आईला रात्री दोनदा उठावं लागतं. पलंगापासून बाथरूमपर्यंत नऊ पावलं, गुडघे दुखरे, आणि दिव्याचं बटण पॅसेजच्या पार दुसऱ्या टोकाला. या नऊ पावलांसाठीच मी घरात सेन्सर आणले. त्यामुळे माझी कसोटी एकच: आई उठली की दिवा लागतो का, आणि नाहीच लागला तर तिच्या हाताशी दुसरं काय आहे.

आधी एका कंपनीचा तयार संच घेतला होता. ॲप देखणं, जोडणी पाच मिनिटांत. सेन्सर आणि दिवा यांच्यात जेमतेम चार हातांचं अंतर, पण सेन्सरचा निरोप आधी घराबाहेर कंपनीच्या सर्व्हरकडे जायचा, तिथून हुकूम यायचा, मग दिवा लागायचा. हे सगळं सेकंदभरात व्हायचं म्हणून मला कधी खटकलं नाही. एका रात्री इंटरनेट बंद पडलं. आई पॅसेजच्या मधोमध अंधारात अडकली. मी धावत गेले तेव्हा तिचा एक हात भिंतीवर होता. म्हणाली, "अगं, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं." ते वाक्य मला फार लागलं. दुसऱ्याच दिवशी तो संच उतरवला.

आता घरात आहे ते असं: एका छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट, त्याला खोचलेला झिगबीचा, म्हणजे छोट्या उपकरणांच्या बिनतारी बोलण्याच्या पद्धतीचा, यूएसबी डोंगल, आणि दोघांमध्ये निरोप पोचवायला एमक्यूटीटी नावाची पद्धत. होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे, पाउलस शाउटसन यांनी २०१३ साली सुरू केलेलं. त्याचा मोठा गुण हा की सगळा निर्णय घरातल्या घरात होतो. मी मुद्दाम राउटरची इंटरनेटची तार काढून पाहिली, दिवा नेहमीसारखाच लागला.

झिगबीची गंमत तिच्या जाळ्यात आहे. विजेवर चालणारी बहुतेक उपकरणं दुसऱ्यांचे निरोपही पुढे पोचवतात. सेलवर चालणारी मात्र बहुतेक वेळ झोपलेली असतात आणि काही घडलं तरच बोलतात. इथंच मी पहिली चूक केली. पॅसेजमध्ये स्मार्ट बल्ब लावला आणि भिंतीवरचं जुनं बटण तसंच ठेवलं. आईनं आयुष्यभर खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद केलाय. तिनं सवयीनं बटण दाबलं की बल्बची वीज तुटायची. मग तो सेन्सरचंही ऐकायचा नाही आणि त्याच्या पलीकडच्या सेन्सरचे निरोपही अडायचे. मी बटणावर 'हात लावू नका' अशी चिठ्ठी चिकटवली होती. चार दिवसांनी मीच ती काढली. स्वतःच्या घरातलं बटण आईनं दाबायचं नाही म्हणजे काय? साधा बल्ब परत लावला आणि इलेक्ट्रिशियनकडून बटणाच्या मागे रिले, म्हणजे हुकूम मिळाला की वीज जोडणारा-तोडणारा झिगबीचा छोटा स्विच, बसवून घेतला. न्यूट्रल तार असलेला घ्या, तो सतत जागा राहतो आणि निरोपही पुढे नेतो. आता बटण दाबलं तरी दिवा लागतो, सेन्सरनं सांगितलं तरी लागतो. होम असिस्टंटचा कॉम्प्युटर पूर्ण बंद असला तरीही बटण चालतं. कुणी मला एकच सल्ला विचारला तर मी रिलेचा देईन.

सुरुवातीचे दोन आठवडे सेन्सर मधूनच गायब व्हायचे. मी सेन्सरना दोष देत बसले आणि दोन परतही केले. खरं कारण डोंगलच्या शेजारी होतं. डोंगल खोचला होता यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये, बाजूच्या पोर्टला हार्ड डिस्क. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींमध्ये पसरतो, हे इंटेलनं २०१२ सालीच लिहून ठेवलंय, आणि झिगबी नेमकी तिथंच बोलते. मीटरभराची एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब नेला, काम झालं. शिवाय माझं वायफाय १ नंबरच्या चॅनलवर आणि झिगबी ११ वर, म्हणजे दोघं एकमेकांच्या अंगावर. झिगबी २५ वर नेली. त्यासाठी काही उपकरणं पुन्हा जोडावी लागली, एक अख्खी दुपार गेली.

एमक्यूटीटीतली एक सोय मला मनापासून आवडते. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी ही पद्धत तयार केली. तिच्यात जोडणी करतानाच आपलं मृत्युपत्र देऊन ठेवता येतं: मी न सांगता गेलो तर सगळ्यांना हे कळवा. माझा झिगबीचा दुवा तुटला की त्याच मृत्युपत्रामुळे फोनवर सूचना येते. सेलवरच्या सेन्सरचं मात्र तसं नाही. झिगबीचे निरोप एमक्यूटीटीत आणायला मी झिगबीटूएमक्यूटीटी हे सॉफ्टवेअर वापरते, त्यात असा सेन्सर गप्प झाला तर मूळ सेटिंगनुसार २५ तासांनी तो गेल्याची नोंद होते. तोवर एक रात्र उलटलेली असते. म्हणून पॅसेजमध्ये मी एकाऐवजी दोन सेन्सर लावलेत आणि सेलमधली शिल्लक २० टक्क्यांवर आली की थांबत नाही, सेल बदलते.

बाथरूमची कथा वेगळी. साधा सेन्सर शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपतो. माणूस स्थिर बसला की त्याच्या लेखी खोली रिकामी. दीड मिनिटानं दिवा जायचा आणि आई आत बसून हात हलवायची. हे तिनं मला महिनाभर सांगितलंच नाही, मला दाराच्या फटीतून दिसलं. तिथं आता २४ गिगाहर्ट्झचा रडार सेन्सर आहे, त्याला श्वासाबरोबर होणारी छातीची हालचालही कळते. पंखा आणि हलणारा पडदा यांनाही तो माणूस समजतो, त्यामुळे अंतराची मर्यादा नीट बसवावी लागली.

कॅमेरा मी घरात आणलेला नाही. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरनं, म्हणजे घातक सॉफ्टवेअरनं, कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, हे एक कारण. पण त्याहून मोठं कारण आईचं आहे: "मी पडले तर तू ये, पण मला बघत बसू नकोस."

तिच्यासाठी उशाशी एक झिगबीचं बटण आहे. एकदा दाबलं की दिवा, दाबून धरलं की माझ्या खोलीत घंटा. घंटा आतापर्यंत तीनदा वाजली, तिन्ही वेळा तिलाच मी हवी होते. बटण उशाखाली घसरतं अशी तिची तक्रार होती. परवा तिनंच जुन्या परकराची नाडी आणून दिली, आणि आम्ही ते पलंगाच्या दांडीला बांधलं.